शाळेची सभा लोकांच्या वेळेला घ्या: एका माजी अध्यक्ष आईचे अनुभव

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका वाडीवर राहते. इथे जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट ६४, शिक्षक तीन. माझी दोन्ही मुलं इथेच शिकली. शाळा व्यवस्थापन समितीत मी आधी दोन वर्षं सदस्य होते, मग दोन वर्षं अध्यक्ष. आता आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या नव्या समित्यांमधल्या बाया फोन करून विचारतात, "ताई, सभा कशी घ्यायची? लोक येत नाहीत, आले तर बोलत नाहीत." त्यांना फोनवर सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. सदस्य झाले तेव्हा पहिले काही महिने सभा म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी शाळेतलं एखादं पोर इतिवृत्ताची वही घेऊन घरी यायचं. मी चुलीपुढे असायची. पिठाचे हात पुसायचे, ते बोट दाखवील तिथे सही करायची, की पोर पुढच्या घरी. वरचं पान बऱ्याचदा कोरंच असायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेले तर भिंती रंगवलेल्या होत्या, पण मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? माझ्यापुढे वही उघडून ठेवली. ठराव लिहिलेला होता आणि खाली माझीच सही होती.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की वही घरी आली तर सही करू नका. "सभा कधी आहे ते सांगा, मी येते," एवढंच म्हणा आणि पोराला परत पाठवा. यात भांडायचं काही कारण नाही. मुख्याध्यापक सरांच्या मागे माहिती भरायची, पोषण आहाराची, नाना कामं असतात. सभेला लोक जमत नाहीत म्हणून ते वही फिरवतात. लोक जमले तर वही फिरवायची वेळच येत नाही.

समितीला काय करता येतं

हे आधी पाठ करा, कारण "तुमचं काम फक्त झेंड्याला हजर राहायचं" असं सांगणारे खूप भेटतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान पाऊण भाग पालक हवेत आणि निम्म्या सदस्य बायका हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या राज्यात २०१० च्या शासन निर्णयाने समिती १२ ते १६ जणांची ठरली. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सदस्य सचिव, शिवाय शिक्षकांचा एक, ग्रामपंचायतीचा एक, शिक्षणातला जाणकार एक, आणि दोन विद्यार्थी.

शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं आणि शाळा विकास आराखडा करणं ही कायद्यातली कामं. शिक्षक नियमित येतात का, पोषण आहार नीट शिजतो का, शाळाबाह्य मूल कुठे आहे का, हेही आपणच पाहायचं. शिक्षकाची बदली करणं किंवा त्याला काढणं आपल्या हातात नाही. ही गोष्ट पहिल्याच सभेत सगळ्यांना सांगून टाका. नाहीतर दोन सभा त्याच वादात जातात आणि शिक्षकही बिथरतात.

निवड

समिती पालक सभेतून निवडायची असते, सरपंचाच्या ओट्यावरून नाही. नोटीस फळ्यावर लावून कुणी येत नाही. आम्ही मुलांच्या वहीत चिठ्ठी लिहून दिली, मोबाईलच्या गटावर टाकलं, आणि तांड्यावर दोघीजणी स्वतः जाऊन सांगून आलो. नावं घेताना नकाशा डोक्यात ठेवा. गावठाण, तांडा, दलित वस्ती, शेतातली घरं, प्रत्येक ठिकाणचं कुणीतरी हवं. आणि बाईचं नाव घातलं असेल तर सभेला बाईच यायला हवी. आमच्याकडे सुरुवातीला दोघींच्या ऐवजी त्यांचे मालक येऊन बसायचे. आम्ही भांडलो नाही. "दादा, तुम्हीही बसा, पण वहिनींना घेऊन या, त्यांच्याशिवाय सभा सुरू करता येत नाही," असं दोनदा म्हटलं आणि खरंच थांबून राहिलो. तिसऱ्या खेपेला वहिनी आल्या.

वेळ आणि जागा

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. सभेची वेळ ठरली की कोण बोलणार ते निम्मं ठरून जातं. सकाळी अकराला शाळेत सभा ठेवली की येणारे कोण? पारावर बसणारे चारजण, पंचायतीचे सदस्य आणि सर. खुरपायला गेलेली बाई दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही, आणि तिने यावं असं म्हणायचा आपल्याला हक्कही नाही.

आम्ही बायांना विचारलं तेव्हा उत्तर आलं, धारा काढून झाल्यावर आणि स्वयंपाकाच्या आधी. म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. बरोबर एक तास. सरांची दुचाकीवरून तालुक्याला परत जायची अडचण होती, म्हणून त्यांनी महिन्यातला एकच दिवस मुक्काम करायचं कबूल केलं. तो दिवस आम्ही कायमचा ठरवून टाकला, पौर्णिमेच्या जवळचा शनिवार, कारण वाटेवर उजेड असतो. एका महिन्याआड सभा तांड्यावर, लिंबाखाली. तिथे घेतलेल्या पहिल्या सभेला तांड्यावरच्या अकरा बाया होत्या. शाळेत घेतलेल्या सभेला त्यातली एकही कधी आली नव्हती.

आणि आमच्या भागाची मोठी गोष्ट म्हणजे ऊसतोड. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. शाळा विकास आराखडा मात्र आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार व्हावा असं नियम सांगतो, म्हणजे डिसेंबरअखेर. डिसेंबरात आमचे पालक फडात असतात. मग आराखड्यात त्यांच्या मुलांबद्दल लिहितं कोण? जो गावात उरला तो.

यावर उपाय सोपा आहे, पण आधीपासून मनात धरावा लागतो. आराखड्याची चर्चा आम्ही पेरणी आटोपल्यावर, पोळ्याच्या आधी घेतो. तेव्हा सगळे घरी असतात आणि हातात थोडा वेळही असतो. वर्गवार पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, शौचालय, पैसा, सगळं तेव्हाच बोलून घ्यायचं आणि इतिवृत्तात लिहून ठेवायचं. डिसेंबरात फक्त नमुन्यात उतरवायचं. तुमच्या गावात ऊसतोड नसेल, वीटभट्टी असेल, द्राक्षाची छाटणी असेल, मासेमारीचा हंगाम असेल. आधी तुमच्या गावाचं वर्ष कागदावर मांडा आणि मग सभेच्या तारखा घाला.

बोलतं कसं करायचं

खुर्च्या काढून टाका. सरपंच असोत, केंद्रप्रमुख असोत, सगळे सतरंजीवर, गोल करून. समोर टेबल आणि मागे खुर्च्या असल्या की माणसं आपोआप भाषण ऐकायला बसतात. विषय एका वाक्यात फळ्यावर लिहा आणि मोठ्याने वाचा. पहिल्यांदा ज्या बोलत नाहीत त्यांना विचारा, मुख्याध्यापकांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. आमच्या सरांनी हे मनापासून पाळलं, त्यांचे उपकार आहेत. सर आधी बोलले की बाया म्हणतात, "सर म्हणतात ते बरोबर," आणि विषय संपतो.

तरीही काही गोष्टी तोंडाने बोलल्या जात नाहीत. त्यासाठी चिंचोके.

माझ्या अध्यक्षपदाच्या पहिल्या वर्षी ऑगस्टमधली सभा होती. ३१ पालक आले होते. शाळेसाठी आधी काय करायचं हा विषय. पुरुष मंडळी मैदानाच्या कुंपणावर बोलत होती, तरुण पोरं वर्गात टीव्ही हवा म्हणत होती. मी पोषण आहाराच्या तीन ताटल्या मागवल्या आणि शाळेच्या मागच्या खोलीत ठेवल्या. एका ताटलीजवळ कुंपणाचं चित्र, एकीजवळ टीव्हीचं, एकीजवळ शौचालयाच्या दाराचं, तांब्यासकट. प्रत्येकाला पाच चिंचोके दिले. एकेकाने आत जायचं, हवे तिथे हवे तेवढे टाकायचे, कुणी बघायचं नाही.

मोजण्याआधी आम्ही विद्यार्थी सदस्यांना बोलायला सांगितलं. चौथीतली मुलगी उभी राहिली, फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत म्हणाली, "कडी नाही म्हणून मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. मैत्रीण आली नाही तर मी दिवसभर पाणी पीत नाही." कुणी काही बोललं नाही. मग सरांनी सगळ्यांपुढे ताटल्या ओतल्या आणि चिंचोके मोजले. कुंपण ४८, टीव्ही ३६, शौचालय ७१. ज्या बायांनी तासाभरात एक शब्द काढला नव्हता, त्यांनी आत जाऊन मुठी रिकाम्या केल्या होत्या.

चिंचोके सारखे वापरू नका. जिथे लाज, जात किंवा भाऊबंदकी आड येते तिथेच वापरा. रोजच्या विषयाला हात वर करणं पुरतं.

ठराव असा लिहा

सभा संपायच्या आत, सगळ्यांसमोर लिहायचा. "चर्चा करून सर्वानुमते मंजूर" ही ओळ पुरेशी नाही. काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत, पैसा कुठून, या चार गोष्टी त्यात हव्यात. आमचा त्या दिवशीचा ठराव असा होता:

"ठराव क्र. ४. मुलींच्या शौचालयास आतून कडी बसवणे व पाण्याची टाकी जोडणे. खर्च संयुक्त शाळा अनुदानातील स्वच्छतेच्या रकमेतून. साहित्य मुख्याध्यापक व दोन पालक सदस्यांनी मिळून आणावे. मुदत १० सप्टेंबर."

खाली सूचक, अनुमोदक. मग ठराव मोठ्याने वाचायचा, जे अंगठा देतात त्यांच्यासाठी दोनदा. उरलेल्या कोऱ्या ओळींवर आडवी रेघ मारायची, मग सह्या. पानाचा फोटो लगेच पालकांच्या गटावर. पुढची सभा "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" याच विषयाने सुरू होते, तो विषय घाईने उरकू नका. प्रत्येक ठरावापुढे झालं की नाही ते विचारा. कडी ४ सप्टेंबरला बसली. टाकीला नोव्हेंबर उजाडला, पण दर महिन्याला विचारणारं कुणीतरी होतं म्हणून ती बसली.

पैसा आणि तांदूळ

समग्र शिक्षा या केंद्राच्या शाळांसाठीच्या योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,०००, पुढे १०० पर्यंत २५,०००, आणि त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. रक्कम कधी आली, किती आली, हे प्रत्येक सभेत विचारायचा आपला हक्क आहे. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या पावतीवर सही करायची नाही, कितीही घाई असली तरी. आम्ही शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर काळा पट्टा रंगवून घेतला. आलेले पैसे डावीकडे, खर्च उजवीकडे, खडूने. येणारा-जाणारा वाचतो. शिक्षकांनाही त्याचा फायदा झाला. सरांवर कुजबुज होत होती ती थांबली, कारण विजेचं बिलच किती जातं ते लोकांना पहिल्यांदा कळलं.

पोषण आहाराची देखरेख मुलांच्या आयांच्या हातात द्या. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आमचे ६४ हजर असतील तर ६ किलो ४०० ग्रॅम. आठवड्यातून एक दिवस एक आई जाऊन हजेरी मोजते, तांदूळ काट्यावर बघते, वाढायच्या आधी चव घेते आणि चवीच्या नोंदवहीत लिहिते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आधी विश्वासात घ्या. पहिल्या दिवशी आमच्या मावशींना वाटलं, त्यांच्यावर पाळत ठेवली. मग दुसऱ्या आठवड्यात पाळीवर आलेल्या आईनेच त्यांच्यासोबत बसून डाळ निवडली आणि मावशींनी सांगितलं की तिखट-मीठ वेळेवर मिळत नाही. तो विषय पुढच्या सभेत आला.

ग्रामपंचायतीकडे जाताना

कुंपण, नळजोडणी, रस्ता ही कामं शाळेच्या अनुदानात बसत नाहीत. त्यासाठी ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांच्या आधीच समितीचा ठराव तयार ठेवा. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथे पहिल्यांदा मांडा, कारण तिथे बायका मोकळ्या बोलतात आणि तिथला ठराव ग्रामसभेपुढे जातो. ठरावाची प्रत ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

दसऱ्याआधीची सभा

ऊसतोडीच्या गावांसाठी हे वेगळं लिहिते. सप्टेंबरमध्ये समितीने घरोघर फिरून यादी करावी: कोण जाणार, मूल सोबत नेणार की आजीजवळ ठेवणार. जे मूल मागे राहतं त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती समितीमार्फतच चालते, म्हणून प्रस्ताव वेळेत जायला यादी पक्की हवी. जे मूल सोबत जातं त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसवून घेतील. कार्ड पालकाच्या हातात देऊन, ते कुठे दाखवायचं हे समजावून सांगा. नुसतं ट्रंकेत गेलं तर उपयोग नाही.

या सभेला आज्यांना बोलवायचं. आम्ही पहिल्या वर्षी बोलवलं नव्हतं. आईबापांनी "राहील की म्हातारीजवळ" म्हणून टाकलं आणि आम्ही यादीत लिहून घेतलं. डिसेंबरात दोन मुलं फडावर निघून गेली. दुसऱ्या वर्षी आज्यांना समोर बसवून विचारलं, मूल ठेवायला तुम्हाला काय लागेल? आम्हाला वाटलं धान्य मागतील, सरपण मागतील. एक सत्तरीची आजी म्हणाली, "रातच्याला पोराला ताप आला तर म्या कुणाला हाक मारू? मला फोन लावता येत न्हाई."

त्यावरून ठराव झाला. प्रत्येक आजीच्या शेजारचं एक घर नावासकट ठरलं, जिथे रात्री दार वाजवायचं. त्या घरात आशाताईंचा, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा, आणि सरांचा नंबर दाराच्या आतून चिकटवला. रविवारी संध्याकाळी आईबापांना फोन लावून द्यायचं काम दोन तरुणांनी घेतलं. त्या हंगामात ज्यांची नावं मागे राहणाऱ्यांत होती ती सगळी मुलं मार्चपर्यंत शाळेत होती.

तक्रार आली तर

मारल्याची, जातीवरून बोलल्याची, मुलीबद्दलची तक्रार असेल तर ती भर सभेत काढू नका. अध्यक्ष आणि एक बाई सदस्य यांनी आधी मुलाशी, मग आईशी शांतपणे बोलायचं, लिहून घ्यायचं आणि लेखीच मुख्याध्यापकांकडे द्यायचं. गंभीर असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचंच, आणि मुलीच्या अंगाला हात लावल्याची गोष्ट असेल तर थेट पोलिसांत. तिथे समितीने मिटवामिटवी करायची नसते. मुलाचं नाव गटावर कधीही टाकायचं नाही.

मुदत संपताना

नव्या समितीची निवड झाली की त्याच आठवड्यात दोन्ही समित्यांची एकत्र बैठक घ्या. इतिवृत्ताची वही, आराखड्याची प्रत, पंचायतीच्या पोचा, चवीची नोंदवही, घरोघरची यादी, सगळं मोजून द्या आणि दिल्याचंही वहीत लिहा. जे ठराव पुरे झाले नाहीत त्यांची पानं कोपऱ्यात दुमडून नव्या अध्यक्षांना एकेक वाचून दाखवा. मी वही दिली तेव्हा तीन पानं दुमडलेली होती: कुंपण, तिसऱ्या खोलीचं गळकं छत, आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलांसाठी ओढ्यावरचा साकव. नव्या अध्यक्षही आईच आहेत, त्या तांड्यावरच्या. त्यांनी साकवाचं पान आधी उघडलं.